दमा आणि दम्यासारखे आजार: नोंद व कोडिंग दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

१ डिसेंबर २०२५, सोमवार

कामाची व्याप्ती ठरली. रुग्णालयाच्या संगणकात श्वसनाच्या आजारांखाली पानोपानी एकच कोड दिसतो: जे४५.९, म्हणजे प्रकार न सांगितलेला दमा. वीस वर्षांच्या विणकरालाही तोच, दीड वर्षाच्या बाळालाही तोच आणि चुलीपुढे आयुष्य गेलेल्या सत्तरीच्या आजींनाही तोच. आजार वेगळे, औषधे वेगळी, कोड एक. केसपेपरवर जेवढे लिहिले असेल तेवढाच कोड लागतो, त्यामुळे दुरुस्ती संगणकापासून नाही, केसपेपरपासून सुरू करायची.

पहिली अडचण आवृत्तीची निघाली. सॉफ्टवेअरच्या यादीत दोन पद्धती मिसळल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) दम्याचे कोड चार अक्षरी आहेत: जे४५.० ॲलर्जिक, जे४५.१ नॉन-ॲलर्जिक, जे४५.८ मिश्र, जे४५.९ प्रकार न सांगितलेला. शेजारी जे४६, स्टेटस अस्थमॅटिकस म्हणजे अतितीव्र दमा. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएममध्ये प्रकाराऐवजी तीव्रता पाहतात: जे४५.२ सौम्य अधूनमधून, जे४५.३ सौम्य सततचा, जे४५.४ मध्यम सततचा, जे४५.५ तीव्र सततचा. पुढे पाचवे अक्षर स्थितीचे: ० म्हणजे गुंतागुंत नाही, १ म्हणजे अटॅक, २ म्हणजे स्टेटस. त्या पद्धतीत जे४६ वापरतच नाहीत.

यादीत जे४५.९ च्या खालीच जे४५.९०९ येतो. घाईत कोणावरही बोट पडते आणि महिन्याच्या अहवालात एकाच आजाराच्या दोन ओळी होतात. निर्णय: नोंदवही, जिल्ह्याचे अहवाल आणि मृत्यू प्रमाणपत्र, सगळीकडे जागतिक आयसीडी-१०. अमेरिकी बिलिंगचे काम करणाऱ्या कोडरांना सीएम लागते, ती यादी त्यांनी वेगळी ठेवावी. आपल्या इथे तिचे काम नाही.

३ डिसेंबर

केसपेपरवरची निदाने जशीच्या तशी उतरवून काढली. बीए (ब्राँकियल अस्थमा, म्हणजे दमा), के/सी/ओ बीए (आधीपासूनचा दमेकरी), एबी, एलआरटीआय (खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग), डब्ल्यूएएलआरआय, एचआरएडी, आरएडी, सीओपीडी (श्वासनलिकांत कायमचा अडथळा आणणारा जुनाट आजार) विथ बीए, ॲलर्जिक ब्राँकायटिस, दमेकरी ब्राँकायटिस. काही ठिकाणी निदानाच्या रकान्यात नुसते 'ब्रेथलेसनेस'. काही ठिकाणी तेही नाही, फक्त 'निब दिले', म्हणजे नेब्युलायझरने औषधाची वाफ दिली.

यातल्या काही संज्ञांना कोड सरळ सापडतो. ॲलर्जिक ब्राँकायटिस हा जे४५.०. दमेकरी ब्राँकायटिस, पुढे काही न लिहिता, जे४५.९. पण तोच जुनाट आणि अडथळ्याचा असे लिहिले असेल तर तो जे४४.८ मध्ये, म्हणजे दम्यातून उठून थेट सीओपीडीच्या घरात जातो. एका विशेषणावर आजाराचे घर बदलते, म्हणून 'क्रॉनिक' हा शब्द सवयीने लिहायचा नाही आणि सवयीने गाळायचाही नाही.

आरएडी आणि आरएडीएस यांत एका अक्षराचा फरक आहे आणि तो जीवघेणा घोळ घालतो. आरएडी म्हणजे रिॲक्टिव्ह एअरवे डिसीज: लहान मुलांच्या पेपरवर बहुतेक वेळा 'दमा म्हणायला अजून धजत नाही' अशा अर्थाने लिहिलेले. आरएडीएस म्हणजे क्लोरीन, आम्ल किंवा तसल्या वायूचा एकदम मोठा मारा झाल्यावर काही तासांत सुरू होणारा श्वासनलिकांचा त्रास, कोड जे६८.३. ब्लीचिंगच्या टाकीजवळ वायू नाकातोंडात गेलेला कामगार आणि सर्दीनंतर घरघरणारे पोर एका खान्यात जाता कामा नये. ठरले: आरएडी हे संक्षेप बंद. पूर्ण लिहा, नाहीतर लक्षण लिहा.

'दम लागतो' हे रुग्णाचे म्हणणे आहे, निदान नाही. पूर्व भागातून येणारे तेलुगू भाषक 'आयासम' म्हणतात, तीही धापच. केसपेपर काढणाऱ्याने त्याचे परस्पर 'दमा' करू नये. तपासणीअंती कारण कळले नाही तर आर०६.० (धाप) किंवा आर०६.२ (घरघर). लक्षणाचा कोड लावणे कमीपणाचे नाही. खोटा दमा लावण्यापेक्षा ते बरे, कारण 'दमा' एकदा फाइलवर चढला की दर वेळी पुढच्या पानावर 'के/सी/ओ बीए' म्हणून उतरत राहतो आणि मूळ निदान कोणी, कशावरून केले ते कोणी विचारत नाही.

६ डिसेंबर

कोडरांसाठी क्रम पक्का केला. आधी तिसऱ्या खंडातली वर्णानुक्रम सूची, मग पहिल्या खंडातली मुख्य यादी. सूचीत कोड सापडला की तिथेच थांबायची सवय मोडायची. मुख्य यादीत जे४५ खाली 'यात नाही' असे जे लिहिले आहे तिथेच निम्म्या चुका सापडतात:

अतितीव्र दमा आणि स्टेटस: जे४६.
जुनाट दमेकरी ब्राँकायटिस, जुनाट अडथळ्याचा दमा: जे४४.
इओसिनोफिलिक अस्थमा: जे८२. ट्रॉपिकल इओसिनोफिलियाही इथेच. रात्रीचा खोकला, घरघर आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूप वाढलेले असा रुग्ण दमा म्हणून महिनोन्‌महिने पंप ओढत राहतो. सीबीसीचा कागद जोडलेला असेल तर ॲब्सोल्यूट इओसिनोफिल काउंट डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यायचा.
बाहेरच्या धुळीने, वायूने झालेले फुप्फुसाचे आजार: जे६० ते जे७०.

'कार्डियाक अस्थमा' हा शब्द जुन्या डॉक्टरांच्या पेपरवर अजून येतो. तो दमा नव्हे, डाव्या हृदयकप्प्याचे अपयश: आय५०.१. आडवे झाल्यावर वाढणारी धाप, रात्री दचकून उठून बसणे, पायाला सूज अशी नोंद असून कोड जे४५ असेल तर फाइल डॉक्टरांकडे परत.

मुख्य निदान ढोबळ लिहिले आणि नेमका तपशील आतल्या पानावर असला तर दुसऱ्या खंडातल्या एमबी४ नियमाने नेमके निदान मुख्य धरता येते. उदाहरणार्थ डिस्चार्ज कार्डावर 'दमा', आत छातीरोगतज्ज्ञाच्या शेऱ्यात 'ॲलर्जिक दमा, नाकाच्या ॲलर्जीसह'. इथे जे४५.०. नाकाच्या ॲलर्जीचा जे३०.४ वेगळा लावायचा नाही; दम्यासोबतची नाकाची ॲलर्जी जे४५.० मध्येच मोडते. पण फक्त औषधांवरून प्रकार ठरवणे कोडरचे काम नाही. माँटेलुकास्ट (ॲलर्जी आणि दम्याची गोळी) चालू आहे म्हणून ॲलर्जिक, असे होत नाही.

९ डिसेंबर

बालरोग विभाग. सगळ्यात गुंतागुंतीचा भाग हाच. पाच वर्षांखालच्या मुलाला फुंकणीची चाचणी नीट जमत नाही आणि या वयात विषाणूच्या सर्दीने घरघर होणे नेहमीचे.

डब्ल्यूएएलआरआय, म्हणजे घरघरीसह खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग, ही आपल्याकडच्या बालरोग ओपीडीची लाडकी संज्ञा. सूचीत तिला जागा नाही. कोडर मग अंदाजाने जे४५.९ लावतो. त्याऐवजी डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न: वय दोन वर्षांखाली आणि घरघर पहिल्यांदाच का? सर्दी-तापाने सुरुवात झाली का? याआधी सर्दी नसतानाही घरघर झाली होती का?

पहिल्या दोन्हींना होकार आणि डॉक्टरांनी ब्राँकिओलायटिस असे लिहिले तर जे२१. त्यात श्वासनलिकांचा आकस धरलेलाच आहे, घरघरीचा वेगळा कोड नको. आरएसव्ही विषाणूची चाचणी झाली आणि पॉझिटिव्ह आली तरच जे२१.०, नाहीतर जे२१.९. 'हिवाळ्यात आरएसव्हीच असतो' हा अंदाज कोडला पुरत नाही. ब्राँकिओलायटिस नाही आणि दमाही लिहिलेला नाही, तर जे२२ आणि सोबत आर०६.२. दुसरा कोड आमच्या माहितीसाठी: वर्षभरात त्याच मुलाच्या नावावर आर०६.२ पुन्हा पुन्हा दिसला तर बालरोगतज्ज्ञाला फाइल काढून देता येईल.

नुसते 'ब्राँकायटिस' लिहिले असेल तर वय बघायचे. पंधरा वर्षांखाली तो तीव्र धरून जे२०, त्यावर जे४०. ही सूचना जे४० खालीच छापलेली आहे, तरी मुलांच्या फायलींवर जे४० सर्रास सापडतो.

एका बाजूलाच घरघर, खाता खाता एकदम ठसका, आधी सर्दी नाही: हे दम्याचे पोर नव्हे, श्वासनलिकेत काही अडकले असण्याची शक्यता. सोलापुरात ते बहुधा शेंगदाण्याचे दाणे असणार. ब्राँकोस्कोपीत सापडले तर टी१७.५. म्हणून घरघर 'दोन्ही बाजू / डावी / उजवी' हे लिहिलेच पाहिजे. 'आरएस: रॉन्काय प्लस' (छातीत घरघर आहे) एवढ्याने बाजू कळत नाही.

१२ डिसेंबर

स्पायरोमेट्री खोली, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची जागा. निदानाचा पुरावा इथे तयार होतो, म्हणून कोडिंगचा प्रश्न शेवटी या खोलीत येऊन टेकतो.

यंत्राची रोजची तपासणी तीन लिटरच्या सिरिंजने. ३ टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे वाचन २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत. त्याची वेगळी वही, रोजची सही. उंची बूट-चप्पल काढून, सेंटिमीटरमध्ये. केसपेपरवर रुग्णाने सांगितलेली उंची टाकली की अपेक्षित आकडाच चुकतो आणि पुढची सगळी टक्केवारी वाकडी येते. पाठीला बाक असेल तर हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर घ्यायचे आणि तसे लिहायचे.

फुंकर किमान तीन वेळा मान्य होईल अशी, त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळणाऱ्या. सूचना रुग्णाच्या भाषेत हवी. तेलुगू किंवा कन्नड येणारा माणूस खोलीत असला तर फुंकर पहिल्याच प्रयत्नात सुधारते. दाराआडून मराठीत 'जोरात, जोरात' ओरडून उपयोग नाही.

मग सॅल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार पफ, स्पेसरमधून, आणि १० ते १५ मिनिटांनी पुन्हा चाचणी. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आधीपेक्षा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्हीने वाढले तर पलटणारा अडथळा. दोन्हींतले एकच झाले तर पुरत नाही: कमी क्षमतेच्या माणसात १२ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरही असू शकतात, तेवढा फरक फुंकरीफुंकरीतही पडतो.

इथे नेहमी बिघडते ते असे. रुग्ण कॅज्युअल्टीत येतो, वाफ घेतो, बरे वाटले की तासाभरात स्पायरोमेट्रीला पाठवतात. श्वासनलिका आधीच उघडलेल्या, फरक दिसत नाही, अहवाल 'नो रिव्हर्सिबिलिटी', आणि पुढचा डॉक्टर दमा नाही असे समजतो. आता अर्जावर शेवटच्या औषधाची वेळ सक्तीची. साधा पंप किंवा वाफ घेऊन चार तास, दिवसातून दोनदाचा दीर्घकाळ टिकणारा पंप असेल तर २४ तास, दिवसातून एकदाचा असेल तर ३६ तास झालेले हवेत. थांबवणे शक्य नसेल तर चाचणी करा, पण तसे छापा.

आणि चाचणी ठीक आली म्हणजे दमा नाही, असेही नाही. दम्याचा स्वभावच चढउताराचा. पीक फ्लो मीटर (फुंकरीचा कमाल वेग मोजणारे छोटे उपकरण) देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळची नोंद घेतली आणि रोजच्या चढउताराची सरासरी मोठ्या माणसात १० टक्क्यांच्या वर, मुलात १३ टक्क्यांच्या वर गेली, तर तो पुरावा धरतात. तक्ता फाइलला जोडायचा, रुग्णाच्या पिशवीत ठेवायचा नाही.

१७ डिसेंबर

सीओपीडी आणि दमा. पंप घेतल्यानंतरही एफईव्ही१ भागिले एफव्हीसी (पूर्ण फुंकरीतली एकूण हवा) ०.७० च्या खाली राहिले तर सीओपीडीचा विचार. चाळिशीनंतर सुरुवात, हळूहळू वाढ, विडी किंवा चूल. दम्यात लहानपणापासून, कमीजास्त, मध्ये पूर्ण मोकळे दिवस.

सोबत खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग असेल तर जे४४.०, नुसता अटॅक असेल तर जे४४.१, स्थिर असेल तर जे४४.९. 'सीओपीडी विथ बीए' लिहिले की जे४४.९ आणि जे४५.९ दोन्ही डकवण्याची पद्धत होती. दोन आजार खरोखर वेगवेगळे सिद्ध झालेत की लिहिणाऱ्याला ठरवता आले नाही, हे डॉक्टरांनीच सांगायचे. जुनाट अडथळ्याचा दमा असे उत्तर आले तर एकच: जे४४.

क्षयरोग बरा झाल्यावर राहिलेली धाप वेगळी. जुना एक्स-रे, उपचार पूर्ण झाल्याची नोंद असेल तर बी९०.९ सोबत हवा, नाहीतर पुढच्या वेळी व्रणाची सावली बघून कोणी नव्याने क्षयाचे औषध सुरू करेल.

विडी ओढणे आणि विडी वळणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत. 'तंबाखू: होय' एवढ्यात ओढणारा, मिश्री लावणारी आणि दिवसभर सुपात तंबाखू घेऊन वळणारी बाई सगळे एक होतात. ओढत असेल तर किती वर्षे, रोज किती, झेड७२.० किंवा अवलंबित्व लिहिले असेल तर एफ१७.२. वळत असेल तर ते धंद्याच्या रकान्यात.

२२ डिसेंबर

धंदा. या शहरात हा रकाना रिकामा सोडणे म्हणजे निम्मी हिस्टरी सोडणे. 'मजूर' किंवा 'कामगार' लिहून काही कळत नाही. यंत्रमागावर विणतो, की सायझिंगला (सुताला खळ लावायला) आहे, की टॉवेलच्या ब्लीचिंग-डाईंगला, की जिनिंगला? कापसाची कच्ची धूळ जिनिंग आणि सूतगिरणीच्या सुरुवातीच्या खात्यांत सगळ्यात जास्त. तयार सूत विणणाऱ्याकडे तेवढी नसते.

बिसिनोसिसची (कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) खूण वेळापत्रकात असते: सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि आठवडा सरेल तशी सैल पडते. कोड जे६६.०. दम्याचे उलट: कामाच्या दिवसांत वाढत जातो, सुटीत उतरतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा: 'सुटीनंतर कामावर पहिल्या दिवशी जास्त की शेवटच्या?' जुन्या सूतगिरण्यांतून निवृत्त झालेल्या माणसांना हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल.

जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे बगॅसोसिसही ध्यानात हवा: जे६७.१. भिजून बुरशी धरलेल्या साठवणीतल्या बगॅसमुळे (उसाच्या चोयट्यामुळे), ताज्या नव्हे. काम करून चार-आठ तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, धाप. घरघर बहुधा नसते. स्पायरोमेट्रीत अडथळ्यापेक्षा फुप्फुस आखडल्याचे चित्र. सकाळी गंजीवर काम, रात्री ताप, आणि ओपीडीत सांगतो 'थंडी वाजून येते'. मलेरियाची तपासणी होते, बगॅसचा विषय निघत नाही.

कामामुळे झालेल्या दम्याला आयसीडी-१० मध्ये स्वतंत्र कोड नाही. जे४५ मधला योग्य प्रकार, सोबत वाय९६ (कामाशी निगडित). नुसता धुळीशी संपर्क असेल आणि आजाराशी संबंध डॉक्टरांनी जोडला नसेल तर झेड५७.२. वाय९६ मनाने लावायचा नाही. कामगार विम्याच्या दाव्यात त्या एका अक्षराला वजन असते.

२९ डिसेंबर

कॅज्युअल्टी. 'सिव्हिअर अस्थमा' लिहिलेले असते, पण आजार मुळात तीव्र की आजचा अटॅक तीव्र, ते उमगत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी. रोजच्या गोळ्या-पंपांवर कसाबसा आटोक्यात राहणारा रुग्ण आज स्थिर असू शकतो आणि सौम्य दम्याचा माणूस आज अखेरच्या घटकेला टेकलेला असू शकतो.

तीव्र अटॅक म्हणायला आकडे हवेत: पूर्ण वाक्य बोलता येत नाही, श्वासगती मिनिटाला ३० च्या वर, नाडी १२० च्या वर, साध्या हवेवर एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० च्या खाली, पीक फ्लो निम्मा किंवा कमी. साध्या हवेवर हे दोन शब्द महत्त्वाचे. ऑक्सिजन लावून ९७ लिहिले आणि आधीचे वाचनच नाही, तर पुढे कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. नाडी सॅल्ब्युटामॉलनेही वाढते, म्हणून ती वाफेआधीची.

वाफेची नोंद: वेळ, औषध, मात्रा, आधीची आणि वीस मिनिटांनंतरची श्वासगती व एसपीओटू. 'निब दिले, बरे वाटले' हे काही नोंदणे नाही. छाती एकदम शांत झाली तर ती सुधारणा की हवाच आत जाईनाशी झाली, हे या आकड्यांवरून कळते.

जे४६ साठी डॉक्टरांनी 'अतितीव्र दमा' किंवा 'स्टेटस अस्थमॅटिकस' असे लिहिलेले असले पाहिजे. आयसीयूत ठेवले म्हणून जे४६ होत नाही. श्वसनाचे अपयश, जे९६.०, वेगळे लिहायचे आणि त्याला एबीजीचा (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) आधार: पीएओटू (ऑक्सिजनचा दाब) ६० च्या खाली किंवा कार्बन डायऑक्साइड साचलेला. अटॅकमध्ये रुग्ण भराभर श्वास घेतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. तो 'नॉर्मल' दिसला तरी रुग्ण थकत चालल्याची खूण असते.

५ जानेवारी २०२६

छापील फॉर्म कोणी भरत नाही हे माहीत असल्याने रबरी शिक्का केला. नवी पेठेतून बनवून घेतला, केसपेपरच्या रुंदीत मावेल एवढा. रिकाम्या जागा सात: त्रास कधीपासून व कितव्यांदा, घरघर (दोन्ही/डावी/उजवी/नाही), श्वासगती-एसपीओटू-पीक फ्लो आधी व नंतर, निदान (खात्री/शक्यता), प्रकार, आज स्थिर की अटॅक, धंदा व धूर.

शाईचा त्रास झाला. ओपीडीचा कागद पातळ, जांभळी शाई मागे उमटते आणि मागच्या पानावरची औषधे वाचता येत नाहीत. लवकर सुकणारी शाई आणि पॅड कमी ओला, एवढ्यावर भागले. शिक्का मारायचे काम डॉक्टरांकडे ठेवले असते तर तो टेबलाच्या खणातच राहिला असता. केसपेपर काढतानाच मारायचा, तेही खोकला-धाप सांगणाऱ्यांच्याच पेपरवर.

१३ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा. धूळ, थंडी, गर्दी, त्यामुळे ओपीडी तुंबली. सातपैकी 'प्रकार' आणि 'कितव्यांदा' या जागा सर्रास रिकाम्या. प्रकार पहिल्या भेटीत ठरत नाही हे डॉक्टरांचे म्हणणे रास्त. दुसऱ्या शिक्क्यात प्रकाराच्या पर्यायांत 'आज सांगता येत नाही' घातले. ते निवडले की जे४५.९ योग्यच. हा कोड नाहीसा करणे हे काम नाहीच. तो विचारपूर्वक लागला की आळसाने, एवढे कळले पाहिजे.

'शक्यता' वर खूण असली तर ओपीडीत लक्षणाचा कोड, फेरतपासणीत बदलायचा. भरती रुग्ण घरी जाताना शंका तशीच राहिली आणि दुसरी माहिती नाही, तर मात्र जागतिक नियमाप्रमाणे शंकित आजार सिद्ध झाल्यासारखाच कोड लावतात. 'दमा किंवा सीओपीडी' असे लिहून मुख्य लक्षण धाप दिले असेल तर एमबी५ प्रमाणे धापच मुख्य.

१९ जानेवारी

डॉक्टरांना शंका विचारण्याची चिठ्ठी. 'सर, हा जे४६ धरू ना?' अशी विचारायची नाही. त्यात उत्तर आधीच भरलेले असते आणि पुढे टीपीएने (विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीने) फाइल मागवली की तेच अंगाशी येते. चिठ्ठीत पेपरवरचे आकडे जसेच्या तसे, मग पर्याय: दम्याचा अटॅक / अतितीव्र दमा / सीओपीडीचा अटॅक / इतर / सांगता येत नाही. डॉक्टरांनी उत्तर केसपेपरवर तारीख-वेळ घालून लिहायचे, जुने खोडायचे नाही. फोनवरचे उत्तर धरत नाही.

क्लेम अडकतो तो बहुधा कोडमुळे नाही, विसंगतीमुळे. डिस्चार्ज कार्डावर दमा, प्री-ऑथमध्ये (विम्याच्या पूर्वमंजुरीच्या अर्जात) न्यूमोनिया, एक्स-रे स्वच्छ. सरकारी योजनेत पॅकेजचा कोड वेगळा असतो. तो मिळावा म्हणून आयसीडीचा कोड वाकवायचा नाही.

२७ जानेवारी

मृत्यू प्रमाणपत्र, फॉर्म ४. पहिल्या भागात 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढेच लिहिले तर मृत्यूचे कारण शून्य. प्रत्येक मृत्यूत हृदय आणि श्वास थांबतोच. (अ) श्वसनाचे अपयश, (ब) अतितीव्र दमा, आणि सुरुवातीपासून मृत्यूपर्यंतचा काळ प्रत्येक ओळीसमोर. मधुमेह वगैरे हातभार लावणारे दुसऱ्या भागात. वृद्धाच्या फॉर्मवर नुसते 'दमा' दिसले तर फाइल उघडून बघायची: पुष्कळदा आत विडी, इसीजी आणि ०.७० खालचे गुणोत्तर सापडते.

३ फेब्रुवारी

सॉफ्टवेअरमध्ये अडसर टाकले. जे४५ आणि जे४६ एकाच भरतीत एकत्र घेत नाही. जे४० वय पंधराखाली घेत नाही. जे२१ दोन वर्षांवर असेल तर विचारते, अडवत नाही. जे४४ चाळिशीखाली असेल तर स्पायरोमेट्रीची तारीख मागते. पाच आणि सहा अक्षरी सीएम कोड यादीतून काढले.

आयसीडी-११ साठी एक रकाना मोकळा ठेवला. तिथे दमा सीए२३, सीओपीडी सीए२२; प्रकाराखालीच अटॅक, स्टेटस आणि गुंतागुंत नसलेला असे फाटे आहेत, म्हणजे ॲलर्जिक दम्याचा अटॅक सीए२३.०० आणि स्टेटस सीए२३.०१. शिक्क्यावर 'प्रकार' आणि 'आज स्थिर की अटॅक' या दोन्ही जागा भरलेल्या असतील तर तो रकाना नंतर फाइल न उघडता भरता येतो.

जुन्या फायलींचे कोड बदलायचे नाहीत. पुरावाच नाही तर नवा कोडही अंदाजच. वार्षिक तक्त्यात जे४५.९ घसरलेला आणि जे४४, आर०६.२ वाढलेले दिसतील, ते आजार वाढल्याने नव्हे. तक्त्याखाली छापायचा मजकूर: 'नोंदीची पद्धत जानेवारी २०२६ पासून बदलली, आधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नये.'